एडिनबरा: १८८० च्या सुमाराच्या फ्लॅटमधल्या सॅश खिडक्या – तुटलेली दोरी, कुजलेला कोपरा, तडकलेली लांबी (पुट्टी)

मेडोजपार (प्रश्न)

मार्चमाँटमधल्या दगडी टेनेमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बांधकाम १८८० च्या आसपासचं. रस्त्याच्या बाजूला वर-खाली सरकणाऱ्या तीन मोठ्या लाकडी खिडक्या आहेत, इथे त्यांना 'सॅश अँड केस' म्हणतात. सॅश म्हणजे काचेची सरकणारी चौकट, एका खिडकीला वरची आणि खालची अशा दोन. प्रत्येक सॅश साधारण १०५० मिमी रुंद आणि १००० मिमी उंच, मध्ये पट्ट्या नाहीत, एकच अखंड काच. तिन्हींची दुखणी वेगवेगळी आहेत.

पहिलीची खालची सॅश रंगाने चिकटली आहे, जागची हलत नाही.

दुसरीच्या खालच्या सॅशची डावी दोरी (ती कप्पीवरून चौकटीतल्या पोकळ पेटीत जाते, टोकाला सॅश तोलणारं वजन असतं) तुटली आहे. उचलली की तिरकी होऊन अडकते, हात काढला की धाडकन खाली येते. याच खिडकीची वरची सॅश १२ मिमी खाली उतरली आहे, त्यामुळे मधला खटका लागत नाही.

तिसरी सरकते छान, पण खालच्या सॅशच्या तळपट्टीचा डावा कोपरा, अंदाजे १५० मिमी, नखाने दाबला तरी आत जातो. बाहेरून काचेभोवतीची लांबी तडकली आहे, दोन ठिकाणी निघूनच गेली आहे.

वारा सुटला की तिन्ही खडखडतात. एका खिडकीवाल्याने तिन्ही काढून पीव्हीसीच्या बसवा असं सांगितलं. पण बाकीचं लाकूड स्क्रूड्रायव्हर टोचला तरी आत जात नाही इतकं टणक आहे. सुतारकामाची हत्यारं वापरायची सवय आहे. यातलं घरी काय करता येईल, कोणत्या क्रमाने, आणि सामान किती लागेल?

पटाशी

ताई, या खिडक्या काढू नका. त्या काळचं लाकूड म्हणजे बाल्टिककडून आलेलं सावकाश वाढलेलं पाइन. वर्षांची वलयं दाट, राळ भरपूर. आज बाजारात मिळणारं पाइन त्याच्या जवळपासही येत नाही. शिवाय ही खिडकी मुळातच खोलून परत जोडता येईल अशी केलेली असते. पीव्हीसीची खिडकी बिघडली की अख्खी फेकावी लागते.

सुरुवात रंगापासून, कारण जिवाला धोका तिथेच आहे. इतक्या जुन्या घरात खालच्या थरांत शिसं असणारच असं धरून चाला. ब्रिटनमध्ये शिशाचा रंग सर्वसामान्यांना विकायला पूर्ण बंदी आली ती १९९२ मध्ये. कोरडा पॉलिशपेपर अजिबात चालवायचा नाही, पाणी फवारून ओला करूनच घासायचं. हॉट एअर गन लाल होईपर्यंत तापवायची नाही, साधारण ४५० अंशांच्या पुढे शिशाची वाफ होते, आणि काच तडकते ते वेगळंच. एफएफपी३ मास्क लावा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, आणि काम होईपर्यंत लहान मूल किंवा गरोदर बाई त्या खोलीत नको.

पहिली खिडकी सोडवण्यासाठी सॅश आणि तिच्या बाजूच्या पट्ट्या यांच्यामधली रंगाची रेघ पातळ सुरीने कापा, आतून आणि बाहेरून, चारही बाजूंनी. बाहेरची बाजू विसरली की तासभर झटापट करूनही काही होत नाही. मग लाकडी ठोकळ्याला फडकं गुंडाळून कोपऱ्यांवर हलके ठोके द्या. तळपट्टीच्या मधोमध खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. पट्टी वाकते आणि कोपऱ्याचा सांधा उघडतो. बऱ्याच सॅश कुजायला लागतात त्या अशाच उघडलेल्या सांध्यापासून.

आता खोलण्याचा क्रम. दोन माणसं हवीतच, कारण एवढ्या मापाची सॅश १३-१४ किलोची असते आणि खाली फुटपाथ आहे.

१. आतल्या बाजूची उभी पट्टी, जिला इथे बॅटन रॉड म्हणतात, ती आधी काढा. रुंद पटाशी मधोमध घाला, टोकाला नाही. पट्टी धनुष्यासारखी वाकवली की टोकं आपोआप सुटतात. एडिनबरातल्या बऱ्याच खिडक्यांना सिम्प्लेक्स नावाचं साहित्य असतं. एका बाजूची पट्टी हाताने फिरवायच्या स्क्रूंवर बसलेली असते, दुसऱ्या बाजूला बिजागऱ्या असतात, आणि खालची सॅश दारासारखी आत उघडून बाहेरची काच पुसता येते. तसं असेल तर निम्मं काम वाचलं. फक्त सॅश आत फिरवण्याआधी दोरी तिच्या क्लिपमध्ये नीट अडकवा, नाहीतर वजन खाली जाताना दोरी ओढून नेतं.

२. खालची सॅश आत घ्या. दोरी पकडीत धरून खिळे काढा, आणि वजन पेटीत हळू खाली सोडा. हातातून सुटलेलं ओतीव लोखंडाचं सात किलोचं वजन पेटीचा तळ फोडू शकतं.

३. दोन सॅशच्या मधली बारीक पट्टी म्हणजे पार्टिंग बीड. ती खाचेत नुसती दाबून बसवलेली असते, पण रंगामुळे काढताना बहुतेक वेळा मोडते. मोडू द्या. नवीन आणाच, जुनीची जाडी-रुंदी मोजून. साधारण ८ मिमी जाड मिळते. परत बसवताना गोंद लावायचा नाही, दोन-तीन चुका (बारीक खिळे) पुरतात.

४. पार्टिंग बीड निघाली की वरची सॅश खाली आणून काढता येते. उभ्या चौकटीत खालच्या बाजूला लाकडाचाच एक तुकडा कापून बसवलेला दिसेल. ते पेटीचं झाकण. रंगाखाली त्याची रेघ दिसत नाही, म्हणून बोटांनी ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते बघा. झाकण काढलं की आत दोन वजनं आणि त्यांच्यामधली लाकडाची पातळ फळी दिसेल. ती फळी वजनं एकमेकांत अडकू नयेत म्हणून असते. ती काढून टाकू नका.

तुमच्या दुसऱ्या खिडकीची वरची सॅश का उतरली त्याचं उत्तर याच पेटीत सापडेल. सुती दोरी वर्षानुवर्षं ताणून लांब होते. सॅश वर गेली की वजन खाली येतं, आणि लांब झालेल्या दोरीमुळे ते पेटीच्या तळाला टेकतं. टेकलेलं वजन ओढत नाही, मग सॅश तेवढी खाली बसते. त्यात तळाला १४० वर्षांचा कचरा असतो: गंजाची पूड, जुने खिळे, चुन्याचे खडे. तो काढला तरी कधी कधी वीस-तीस मिमी जागा मिळते. व्हॅक्यूमची अरुंद नळी आत घाला, पण घरचा साधा व्हॅक्यूम नको, त्यातून शिशाची धूळ परत खोलीत येते. भाड्याने एच क्लासचा, म्हणजे विषारी धूळ अडवणारा, आणा.

दोरी ६ मिमीची मेण लावलेली सुती घ्या. एका खिडकीला चार दोऱ्या, मिळून आठ मीटर धरा. तुटली एकच असली तरी चारही बदला. बाकीच्या तीनही त्याच वयाच्या आहेत, आणि खिडकी परत सगळी खोलावी लागेल. बसवण्याआधी दोरीला आदल्या रात्री वजन टांगून ठेवा, ताण आधीच निघून जातो.

दोरी कप्पीवरून आत सोडायला शिशाचा छोटा तुकडा किंवा वाकवलेला खिळा बारीक सुतळीला बांधतात, त्याला इथले सुतार 'माउस' म्हणतात. सुतळी कप्पीवरून सोडली की तो खिळा पेटीत टक् टक् करत खाली येतो आणि झाकणाच्या भोकातून बाहेर काढता येतो. मग सुतळीच्या दुसऱ्या टोकाला दोरी बांधून ओढून घ्या, वजनाच्या भोकातून घालून गाठ मारा, आणि गाठ वजनाच्या खोबणीत दाबून बसवा. गाठ बाहेर राहिली की ती मधल्या फळीला घासते.

दोरी किती लांब ठेवायची त्यात सगळ्यात जास्त चुका होतात. वरच्या सॅशसाठी: सॅश पूर्ण वर असताना वजन तळापासून ७५ मिमी वर राहिलं पाहिजे. खालच्या सॅशसाठी: सॅश खाली टेकलेली असताना वजन कप्पीला लागेपर्यंत ओढा, मग ५० मिमी सोडा आणि तिथे दोरी सॅशला ठोका.

खिळा कुठवर मारायचा यालाही नियम आहे. चौकटीच्या वरच्या टोकापासून कप्पीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तेवढंच अंतर सॅशच्या वरच्या टोकापासून खाली मोजून खूण करा. सगळे खिळे त्या खुणेच्या खाली. एक जरी वर गेला तरी सॅश शेवटचे काही मिमी वर जाणार नाही आणि तुम्ही कप्पीला दोष देत बसाल. गॅल्व्हनाइज्ड रुंद डोक्याचे खिळे, एका दोरीला तीन-चार, लांबी २० मिमीच. २५ मिमीचा खिळा खाचेतून आत जाऊन काचेच्या कडेला टेकू शकतो.

उत्तरवारा

खडखड आणि वारा थांबवायला एवढं सगळं खोलायची गरज आहे का? चारही बाजूंनी सिलिकॉनची रेघ मारली की दहा मिनिटांत काम होतं. हिवाळ्यात तशीही कोणी खिडकी उघडत नाही.

अळशीचं तेल

उत्तरवारा, सिलिकॉन इथे नको. सॅशच्या मागे शिरलेलं पाणी त्यात कोंडून राहतं, आणि लाकूड ओलंच राहिलं की कुजतं. वर सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि पुढे कोणाला खिडकी दुरुस्त करायची तर आधी तासन् तास ते खरवडावं लागतं. दगड आणि चौकट यांच्यामधल्या बाहेरच्या फटीतही सिलिकॉन किंवा सिमेंट घालू नका. स्कॉटलंडमध्ये तिथे कोरडी वाळू आणि उकळलेलं अळशीचं तेल मळून केलेलं मॅस्टिक भरायची पद्धत आहे. ते तयारही मिळतं. दगड आणि लाकूड उन्हा-पावसात वेगवेगळं हलतं तेव्हा ते थोडं लवचीक राहतं. सिमेंट तडकतं आणि त्या तडीतून पाणी थेट पेटीच्या मागे जातं.

ताई, आता तुमच्या तिसऱ्या खिडकीच्या लांबीबद्दल. आपल्याकडचे सुतार खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून लांबी करतात, इथली लिनसीड पुट्टी तीच. जी लांबी अजून घट्ट आहे तिला हात लावू नका, पोकळ वाजते तेवढीच काढा. जुनी काच किंचित लहरी असेल, तिच्यातून समोरची घरं हलल्यासारखी दिसतात. ती काच वाचवायची असेल तर पटाशी कधी काचेच्या दिशेने नको, नेहमी लाकडाच्या कडेला धरून, थोडं-थोडं. अगदी दगडासारखी झालेली लांबी इन्फ्रारेड दिव्याने मऊ करतात, काचेवर मात्र पत्र्याची आड धरावी लागते.

लाकूड उघडं पडलं की खाचेला आधी ऑइल प्रायमर लावा आणि वाळू द्या. हे टाळलं की कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि दोन वर्षांत परत तडा. तुमच्याकडे तसंच झालेलं असण्याची शक्यता जास्त. काच काढावी लागली असेल तर मग खाचेत लांबीचं २-३ मिमी जाड अंथरूण, त्यावर काच. काचेच्या कडा दाबायच्या, मधोमध नाही. चारही बाजूंना २ मिमी मोकळी जागा ठेवा. दर २००-२५० मिमीवर काचेच्या चुका मारून मगच बाहेरचा तिरपा थर. त्या थराची वरची कड आतून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषेपेक्षा किंचित खाली हवी. नंतरचा रंग २ मिमी काचेवर चढवायचा असतो, तो आतून दिसता कामा नये. त्या दोन मिमींमुळेच पाणी लांबी आणि काच यांच्यामध्ये शिरत नाही. पुसताना ती रंगाची कड खरवडून काच 'स्वच्छ' करायची सवय बऱ्याच जणांना असते, ती मोडा.

तुमच्या मापाच्या काचेचा घेर ३.७ मीटर येतो. वाया जाणारी धरून सॅशमागे ६०० ग्रॅम लांबी लागेल, म्हणजे एक किलोचा डबा सॅशला एक. भरल्यावर एक ते दोन आठवडे थांबा, वर साय धरली की रंगवा. त्याआधी रंगवलं तर वरचा रंग सुरकुततो. महिन्याच्या पुढेही उघडी ठेवू नका.

पटाशी

कुजलेल्या कोपऱ्याचं. १५० मिमी म्हणजे त्यात कोपऱ्याचा सांधा आलाच. तळपट्टीचं कुसू उभ्या पट्टीच्या भोकात बसलेलं असतं. सॅश काढून टेबलावर आडवी ठेवा आणि कर्णाच्या दिशेने दोन कोपरे हलके दाबा. सांध्यात हालचाल दिसली किंवा पाणी सुटल्यासारखी काळी रेघ दिसली, तर कुसू गेलेलं आहे. मग वरून कितीही इपॉक्सी (वाळून टणक होणारं रेझिनचं भरण) भरा, सांध्यात जोर येत नाही. काच जड आहे, एक दिवस तळपट्टी सुटून हातात येईल.

कुसू शाबूत असेल तर इपॉक्सी चालतं, पण मऊ लाकूड सगळं काढायचं, टणक लाकूड लागेपर्यंत. 'थोडं राहू दे, रेझिन पिऊन घट्ट होईल' असं करू नका. ओलावा मोजायचं यंत्र वीस-पंचवीस पौंडांना मिळतं. १८ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भरायचं नाही. ओल्या लाकडावर भरलेलं इपॉक्सी पहिल्या हिवाळ्यातच ताटलीसारखं सुटून येतं.

कुसू गेलं असेल तर मात्र अख्खी तळपट्टी नवीन करा. एक मीटरच्या पट्टीला मध्येच जोड देण्यापेक्षा ते सोपं आणि टिकाऊ. लाकूड डग्लस फर किंवा अकोया (न कुजण्यासाठी प्रक्रिया केलेलं पाइन). जुन्या इमारतीतलं निघालेलं पाइन मिळालं तर उत्तमच. जुन्या पट्टीचा तुकडा फेकू नका. तळाचा उतार सिलच्या (खिडकीच्या खालच्या उंबऱ्याच्या) उतारालाच मिळता पाहिजे, आणि ते माप जुन्या तुकड्यावरूनच घ्यायचं.

कोपरा का कुजला हेही बघा, नाहीतर नवीन पट्टीही जाईल. वरून तडकलेल्या लांबीतून पाणी आलं, हे एक कारण. दुसरं बघायला कोणी जात नाही: तळपट्टीची खालची बाजू. खिडकी न काढता रंगवणारे रंगारी वर्षानुवर्षं फक्त दिसणाऱ्या बाजू रंगवतात, आणि सिलवर टेकणारी कड कोरीच राहते. सिलवर पाणी साचलं की ती कड ते पिते. सॅश काढलीच आहे तर खालच्या कडेला प्रायमरचे दोन हात द्या. सिलच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी लांबट खाच असते, ती रंगाने बुजली असेल तर मोकळी करा.

मेडोजपार

खूप आभार. दुसरी खिडकी खोलली. पटाशी म्हणाले तसं, वरच्या सॅशची दोन्ही वजनं तळाला टेकलेलीच होती. खालची सॅश बाथरूमच्या काट्यावर ठेवली तर १४ किलो भरली, वरचीही तेवढीच. खालच्या सॅशच्या वजनांवर १५ आणि वरच्या सॅशच्या वजनांवर १६ असे आकडे ओतलेले आहेत. मग ही वजनं बरोबर की बदलायची? आणि दुहेरी काच याच लाकडात बसवली तर थंडीचा प्रश्न सुटेल का?

तिसऱ्या खिडकीचं कुसू शाबूत आहे, सांधा हलत नाही. ओलावा २६ टक्के आला, म्हणून कोपरा खरवडून वाळायला ठेवला आहे.

पटाशी

ते आकडे पौंडांचे आहेत. १५ पौंड म्हणजे ६.८ किलो, दोन मिळून १३.६. सॅश १४ ची, म्हणजे वजनं ४०० ग्रॅमने हलकी. खालची सॅश आपल्या भाराने खाली नीट बसावी म्हणून ती अशीच हवीत. १६ पौंडांची दोन मिळून १४.५ किलो, सॅशपेक्षा अर्ध्या किलोने जड. वरची सॅश वर दाबून राहावी म्हणून तेही बरोबर. ज्याने मूळ खिडकी केली त्याने हिशेब चोख केलेला आहे. वजनांची अदलाबदल तेवढी होऊ देऊ नका, बाहेर काढल्या काढल्या खडूने डावं-उजवं, वर-खाली लिहा.

दुहेरी काचेचा भार आधी मोजा. काच दर मिमी जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो. तुमच्या काचेचं क्षेत्रफळ ०.८५५ चौ.मी., म्हणजे ४ मिमीची काच साडेआठ किलो. तिच्या जागी ४ मिमीच्या दोन काचांची बारीक दुहेरी काच घातली की आणखी साडेआठ किलो. दर वजनाला चार किलोच्या वर भर घालावी लागेल. ओतीव लोखंडाचं वजन तेवढं लांबवलं की पेटीतली धाव कमी पडून सॅश पूर्ण उघडेनाशी होऊ शकते. म्हणून तिथे शिशाची वजनं वापरतात, ती त्याच भाराला लोखंडाच्या दोनतृतीयांशपेक्षाही थोडी आखूड होतात. त्याखेरीज दुहेरी काचेच्या कडेचं सील अळशीच्या लांबीने खराब होतं, तिच्यासाठी वेगळं ग्लेझिंग कंपाउंड लागतं. आणि खाच खोल करावी लागते, म्हणजे जुन्या सांध्यातलं लाकूड आणखी कमी होतं. मी तरी या सॅशना ते करणार नाही.

दगडीचाळ

परवानगीचंही बघा. इमारत लिस्टेड (वारसा वास्तू म्हणून नोंदलेली) असेल तर काच बदलून दुहेरी करायला कौन्सिलची लिस्टेड बिल्डिंग संमती लागू शकते. लिस्टेड नसली तरी मार्चमाँट कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) येतं, तेव्हा खिडकीचं रूप बदलणारं काहीही करण्याआधी नियोजन विभागाला विचारा. पीव्हीसी तर त्याहून पुढची गोष्ट. आहे तशीच खिडकी त्याच लाकडात, त्याच मापात दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही.

थंडीचं म्हणाल तर त्या फ्लॅटमध्ये एक गोष्ट आधीच असेल, तिच्याकडे बघा. खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत घडी करून ठेवलेली लाकडी शटरं. बऱ्याच घरांत ती रंगाने चिकटलेली किंवा खिळे मारून बंद केलेली असतात, आणि राहणाऱ्यांना ती शोभेची फळी वाटते. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या तेव्हाच्या वारसा संस्थेसाठी जुन्या सॅशची मोजमापं केली होती. काचेतून जाणारी उष्णता नुसत्या जाड पडद्याने १४ टक्के कमी झाली, शटरं लावून ५१ टक्के, आणि आतून दुसरी काच लावून ६३ टक्के. शटरं मोकळी करायला सुरी, तेल आणि एक दुपार लागते. आधी तेच करा.

फटीतून येणारा वारा वेगळा, त्याला ब्रशची पट्टी. नवीन पार्टिंग बीड आणि बॅटन रॉड खाच असलेल्या घ्या, त्यात ब्रश सरकवता येतो. दोन सॅश जिथे मधोमध भेटतात तिथेही एक पट्टी. ब्रशची उंची फटीपेक्षा दीड-दोन मिमी जास्त, त्याहून नाही. उंच ब्रश घातला की सॅश दोन हातांनी ढकलावी लागते. तुमची खडखडही याच ब्रशने थांबेल, कारण ती बॅटन रॉड आणि सॅश यांच्यामधल्या मोकळ्या जागेमुळे होते.

आतून दुसरी काच लावायची ठरली तर तिचं सील घट्ट करा आणि बाहेरच्या जुन्या सॅशला थोडी हवा खेळू द्या. उलटं केलं तर दोन काचांच्या मध्ये दव धरतं आणि ते पाणी थेट तळपट्टीवर उतरतं.

गिरगावकर

विषय वाचतोय. आमच्याकडे सरकत्या नाहीत, सागवानी झडपांच्या खिडक्या आहेत, पण तळाचे कोपरे असेच गेलेत. तिथे हे इपॉक्सी चालेल का?

पटाशी

चालेल, पण सागात नैसर्गिक तेल असतं, त्यावर इपॉक्सी आणि गोंद नीट धरत नाही. भरायच्या जागेला ताजा पॉलिशपेपर मारा, लगेच अ‍ॅसिटोनने पुसा, ते उडून गेलं की त्याच तासात भरा. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर तेल परत वर येतं. पावसाळ्यात हे काम काढूच नका, लाकडाचा ओलावा उतरणार नाही. फेब्रुवारी-मार्च बरा.

मेडोजपार

तिसरीचा ओलावा दोन आठवड्यांनी १६ टक्क्यांवर आला, कोपरा भरून घासला. आता रंग. रंगवताना काय चुकतं?

अळशीचं तेल

दोरीला रंग लावू नका, एवढं सगळ्यात आधी. रंगाने दोरी काठीसारखी कडक होते आणि कप्पीवर वळते तिथेच तुटते. दोऱ्या तात्पुरत्या कागदी टेपने झाका. कप्प्यांवर जुना रंग असेल तर काढा, आसावर एक थेंब तेल. सॅश जिथे सरकते त्या उभ्या बाजूंवर बाहेर उघड्या पडणाऱ्या भागापुरता पातळ हात द्या, बाकीच्यावर रंगाचा थर चढवायचा नाही. तिथे मेणबत्ती घासा. दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी जागा राहिली पाहिजे. तुमची पहिली खिडकी चिकटली ती दर वेळी तिथे एक एक हात चढत गेल्यामुळेच.

क्रम असा: वरची सॅश खाली ओढा, खालची वर करा, म्हणजे मधल्या पट्ट्या मोकळ्या होतात. त्या आधी रंगवा, मग सॅश उलट करून बाकीचं. चौकट आणि सिल शेवटी. पूर्ण बंद करू नका, वर-खाली दोन बोटं फट ठेवा, आणि पहिले तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ सॅश थोडी हलवत राहा. ऑइल पेंट हाताला कोरडा लागला तरी आत मऊ असतो, दाबून ठेवलेल्या दोन कडा रात्रीत एकमेकींना धरतात.

पाऊस आणि वाऱ्याची बाजू कोणती आहे? नैऋत्येकडे तोंड असेल तर दर पाच वर्षांनी बाहेरून रंग, उत्तरेकडे असेल तर सात चालेल. मध्ये दर शरद ऋतूत सिलवरचा कचरा पुसून लांबीवरून बोट फिरवा. केसाएवढी भेग सापडली तर त्याच दिवशी थोडी लांबी आणि रंगाचा एक हात.

मेडोजपार

नैऋत्येकडेच आहे. तिन्ही सिलांवर पाणी ओतून बघितलं. दुसरीच्या सिलवर डाव्या कोपऱ्यात पाणी थांबतं, उतार नाही.

पटाशी

मग तो कोपरा रंगवण्याआधी टोच्याने टोचून बघा. टणक असेल तर इपॉक्सीचा पातळ थर देऊन बाहेरच्या बाजूला उतार काढा, थर कडेलाही निदान ५ मिमी राहील असा, शून्यावर आणून सोडू नका, तिथूनच तो उचकटतो. मऊ लागला तर रंग थांबवा आणि फोटो टाका. सिलच्या त्या कोपऱ्यावरच उभ्या पेटीचा पाय टेकलेला असतो, आत किती गेलंय ते बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.